राहनाळच्या वर्गाची मान्यता

मंगळवारी दुपारी माझी बायको नर्सच्या ड्युटीवर असताना वॉर्डात कोसळली. नर्सिंग होममध्येच तिला खाटेवर घेतलं. साडेचारला ती गेली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत होतो. फोन तिच्याबरोबर काम करणाऱ्या आपांनी केला. मी रिक्षाने गेलो.

तेरावं व्हायच्या आत पोस्टाने तिच्या नावाचा लिफाफा आला. पाठवणारी परिचारिकांची नोंदणी करणारी परिषद होती. माझ्या बायकोने केलेल्या अर्जात काही त्रुटी होत्या. त्या साठ दिवसांत दूर केल्या नाहीत, तर अर्ज बंद केला जाणार होता. मी पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. मग उठून माठात पाणी आहे का ते पाहिलं. पाणी होतं. त्या दिवसांत मी दर थोड्या वेळाने उठून काहीतरी पाहत असे. गॅस, दाराची कडी, गच्चीवरचे कपडे. आमचं घर नारपोलीत, दोन्ही बाजूंना कापडाचे लूम. तीस वर्षं त्या खडखडाटात मी वाचत आलो होतो. आता शुक्रवारी लूम बंद झाले की घरात बसवत नसे आणि ते चालू असले तरी बसवत नसे.

हा अर्ज काय होता ते सांगतो. परिचारिकेची नोंदणी एकदा केली की आयुष्यभर चालत नाही. काही वर्षांनी ती नवी करावी लागते, आणि त्यासाठी मधल्या काळात निरंतर शिक्षणाचे ठरावीक तास पूर्ण केल्याचे गुण दाखवावे लागतात. कुठेही, कुणाकडूनही शिकून हे गुण मिळत नाहीत. परिषदेने ज्या संस्थेला मान्यता दिली आहे, तिथेच शिकावं लागतं. आमच्या ओळखीच्या बायका त्यासाठी ठाण्याला नाहीतर मुंबईला जात. बारा तासांची ड्युटी करून, रविवारची शिफ्ट कुणाच्या तरी गळ्यात घालून, अख्खा दिवस मोडून. पुष्कळजणी ते पुढे ढकलत आणि शेवटच्या वर्षात धावाधाव करत.

माझ्या बायकोला ते पटत नव्हतं. राहनाळला माझ्या थोरल्या भावाचं गोदाम आहे, आमच्या वडिलांच्या शेताच्या जागेवरच बांधलेलं. त्याच्या वर ऑफिससाठी काढलेली एक लांबलचक खोली रिकामी पडून होती. ती तिने दादाकडून मागून घेतली आणि दोन वर्षं एक आड एक रविवारी तिथे वर्ग घेतले. औषधाची मात्रा कशी काढायची, रक्त चढवताना पहिल्या पंधरा मिनिटांत काय पाहायचं, डाइंगमध्ये कापड रंगवायच्या कढईजवळ भाजलेला माणूस आणला तर आधी काय करायचं. सुरुवातीलाच तिने सगळ्यांना सांगितलं होतं, "हे तास धरले जाणार नाहीत. आपल्याला मान्यता नाही. शिकायचं असेल तर या." तरी त्या येत. राहनाळहून, नारपोलीतून, एकजण तर अंबाडीहून. मग तिने संस्था नोंदवली आणि मान्यतेसाठी अर्ज केला. पुढचं राहून गेलं.

तेराव्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी आपा आल्या. आपा म्हणजे तिच्याबरोबर त्याच नर्सिंग होममध्ये वीस वर्षं काम केलेल्या परिचारिका, खाडीकडच्या जुन्या मुसलमान घरातल्या. वयाने आम्हा दोघांपेक्षा मोठ्या. ती त्यांना आपा म्हणायची, म्हणून मीही. त्या मला भावजी म्हणत आणि त्या नात्याचा सगळा हक्क वापरत.

"लिफाफा आला ना?" त्यांनी चप्पल काढता काढता विचारलं.

"आला. साठ दिवस आहेत."

"मग बसलात काय?"

"मला त्यातलं काय कळतं, आपा? मी ग्रंथपाल."

"कागद कळतात ना? तिला माणसं कळायची, कागद कळत नव्हते. म्हणूनच तर त्रुटी काढल्यात." त्या खुर्चीत बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रोना है तो रोओ, भावजी. पण फाइल उघडी ठेवून रडा."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांची नोंदणी डिसेंबरअखेर संपत होती. थोडे तास कमी पडत होते. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. राहनाळला रिक्षाने जाऊन दोन-तीन तासांत परतता येई, ठाण्यात दिवसभर बसता येत नव्हतं. "तिनेच मला सांगितलं होतं, आपा, घाबरू नका, तोवर आपलीच मान्यता येईल. नोंदणी गेली की मी कागदावर आया. तीस वर्षं सुई टोचली, आणि मग बेडपॅन." हे त्या हसत म्हणाल्या. मला हसू आलं नाही. त्या गेल्यावर मी तिच्या कपाटातून फाइल काढली.

संध्याकाळी ग्रंथालयातून आलो की मी ती घेऊन बसे. एक पान, मग एक फेरी, पुन्हा एक पान. मला वाटलं होतं, परिषद विचारेल की तुम्ही काय शिकवता. परिषदेचे प्रश्न वेगळेच होते. शिकवलं हे तुम्हाला कशावरून कळलं? शिकवणाऱ्याची पात्रता काय? बाई किती वाजता आली आणि किती वाजता गेली? अर्ध्यातून उठून गेलेलीला तुम्ही पूर्ण तास देता का? वर्गाआधी तिला किती येत होतं आणि नंतर किती? आणि शिकणाऱ्यांच्या सांगण्यावरून तुम्ही पुढच्या वेळी काय बदललंत?

तिने लिहिलेल्या उद्दिष्टांवर परिषदेने खुणा केल्या होत्या. एक असं होतं: भाजलेल्या रुग्णाच्या काळजीबद्दल जाणीव निर्माण करणे. मी ते आपांना वाचून दाखवलं.

"जाणीव कुठे दिसते, भावजी?"

"म्हणजे?"

"पेशंट आला. नर्सने नळाचं पाणी सोडलं की त्याच्या बायकोने लावलेली टूथपेस्ट तशीच ठेवून पट्टी बांधली? हे दिसतं. हे लिहा."

मग मी लिहिलं: भाजलेल्या भागावर वाहतं पाणी किती वेळ सोडायचं हे परिचारिका सांगू शकेल आणि करून दाखवू शकेल. असं एकेक उद्दिष्ट आम्ही दुरुस्त केलं. एका कागदावर लिहून द्यायचं होतं की वर्गामागे कुठल्याही औषध कंपनीचा हितसंबंध नाही. तेव्हा आम्ही राहनाळच्या खोलीत बसलो होतो. आपांनी खोलीभर नजर फिरवली. टेबलावरची सगळी पेनं कुठल्या ना कुठल्या गोळीच्या नावाची होती. घड्याळावर खोकल्याचं औषध होतं.

"आणि मागच्या वर्षीचे समोसे?" मी विचारलं.

"ते औषध कंपनीच्या एमआरने आणले होते."

"म्हणजे हितसंबंध."

"खाऊन संपले, आता कसला संबंध?" असं म्हणून त्यांनी पेनं गोळा करून पिशवीत भरली आणि घड्याळ स्टुलावर चढून स्वतः उतरवलं.

अभिप्रायाचे फॉर्म मात्र नव्हते. मागच्या सहा सत्रांचे फॉर्म परिषदेने मागितले होते. माझी बायको फॉर्म भरून घेत नसे. वर्ग संपला की ती खडू ठेवून विचारायची, "कुणाला काही कळलं नाही का?" आणि सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "कळलं, मॅडम." एकदोनदा तिला घ्यायला गेलो तेव्हा जिन्यावरून हे मी ऐकलं होतं. घरी येताना ती गप्प असे. "सगळ्यांना सगळं कसं कळतं?" असं एकदा म्हणाली होती.

मी फॉर्म छापून घेतले. आपांनी सगळ्यांना एका रविवारी राहनाळला बोलावलं. त्या आल्या, तिच्या खुर्चीकडे पाहून थोड्या रडल्या, आणि फॉर्म भरले. उद्दिष्ट साध्य झालं का? पूर्णपणे. शिकवण्याची पद्धत? उत्कृष्ट. काय सुधारता येईल? काहीही नाही. खाली मोकळ्या जागेत प्रत्येकीने चार ओळी लिहिल्या. मॅडमसारखं कुणी शिकवलं नाही. मॅडमनी आम्हाला माणसात आणलं. मी ते सगळे घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर मांडून वाचले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तासभर एका जागी बसलो. मग पेन घेऊन प्रत्येक फॉर्मवर त्या त्या सत्राची तारीख घातली. मार्च, एप्रिल, मे, जून. मी काय करतोय हे मला कळत होतं. वर्ग तर झाले होते, मी फक्त राहिलेला कागद पुरा करतोय, असं मी स्वतःला सांगितलं. पुस्तक खरेदीच्या नोंदीत एक तारीख चुकली तर पान रद्द करून नवं घालणारा माणूस मी.

पूर्तता मुदतीत गेली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तपासणीला दोघं येणार असं कळलं. जागा पाहायची होती, कागद तपासायचे होते आणि एक सत्र प्रत्यक्ष बघायचं होतं. सत्र आपा घेणार होत्या.

त्या दिवशी मी पहाटेच राहनाळला गेलो. दादा माझ्याही आधी उभा होता. गोदामाच्या दाराला त्याने झेंडूचं तोरण लावलं होतं आणि ट्रकवाल्यांशी वाद घालत होता.

"आज दुपारपरयंत एक पन गाडी लावाची न्हाय. मंग तिकडं कंटेनर उभा राऊंदे नाय त झोपूंदे!"

तपासायला आलेल्या बाई परिचर्या महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. अंगाने बारीक, सुती साडी, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा. त्यांच्याबरोबर एक गृहस्थ होते. त्यांनी खोली मापली, जिना पाहिला, आग विझवायचं नळकांडं हातात घेऊन त्यावरची मुदत वाचली. दादा शाल आणि नारळ घेऊन पुढे झाला. बाईंनी हात जोडले.

"आम्हाला काही घेता येत नाही. नियम आहे."

दादाचा चेहरा पडला. तो माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सांग तिला, नारल हाय, लाच न्हाय."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी नारळ घेतला नाही. त्या टेबलाशी बसल्या आणि फाइल उघडली. उद्दिष्टं वाचून त्यांनी मान डोलावली. हजेरी पाहिली. मग अभिप्राय चाळायला लागल्या. मी खिडकीजवळ उभा होतो, मग दाराजवळ गेलो, पुन्हा खिडकीजवळ आलो.

"दोन वर्षांत इथे एकाही बाईला काही अडलं नाही?" त्यांनी विचारलं. त्यांनी आणखी दोन-तीन फॉर्म उलटले आणि थांबल्या. चष्मा नीट केला.

"हा जूनमधल्या सत्राचा आहे," त्या म्हणाल्या. "खाली लिहिलंय, मॅडमच्या आत्म्याला शांती लाभो."

अंबाडीहून येणाऱ्या मुलीने मान खाली घातली.

"त्या ऑगस्टमध्ये गेल्या. तुमच्याच पत्रात तसं लिहिलंय."

तो फॉर्म मी निदान चारदा वाचला होता. ती ओळही. त्या महिन्यांत माझ्याशी जो कुणी बोले तो हेच म्हणे, तशा ओळी मी रोज वाचत होतो, ऐकत होतो. मला त्यात काही खटकलं नव्हतं.

आपा काहीतरी बोलायला उठल्या. त्या काय म्हणणार हे मला माहीत होतं. चुकून झालं असेल, कागद बदलले असतील. मी त्यांच्या आधी बोललो.

"हे सगळे फॉर्म एका दिवशी भरलेत. सप्टेंबरमध्ये. तारखा मी घातल्या. यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही कोण?"

"त्यांचा नवरा."

त्यांनी फॉर्मची चळत उचलली, टेबलावर ठोकून सारखी केली आणि फाइलच्या बाहेर, बाजूला ठेवली. "हे मी धरणार नाही. आणि का धरले नाहीत ते मला लिहावं लागेल." मग आवाज बदलून, "शिकवणाऱ्यावर प्रेम आहे याचा हा पुरावा आहे. शिकवलं याचा नाही. सत्र सुरू करा."

आपांनी सत्र घेतलं. भाजलेला रुग्ण. उशीला हाताचा आकार देऊन त्यावर त्यांनी सगळं करून दाखवलं. शेवटी बाईंनी कोरे फॉर्म वाटले आणि उभ्या राहून म्हणाल्या, "एक गोष्ट चुकली किंवा कळली नाही, ती लिहायचीच. नाही लिहिली तर फॉर्म परत करीन. नाव लिहू नका."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आपा समोरच उभ्या. कुणाचं पेन चालेना.

"लिहा गं," आपा म्हणाल्या. "मेले नाहीये मी अजून. हिसाब बराबर करून घ्या."

कुणीतरी फिसकन हसलं. मग पेनं चालू झाली. बाईंनी फॉर्म गोळा केले आणि मोठ्याने वाचले. आपा फार भरभर बोलतात. आपा मध्येच हिंदीत जातात तेव्हा औषधाचं प्रमाण ऐकू येत नाही.

"कोणी लिहिलंय हे?" आपा ओरडल्या. "उद्या ड्युटीवर ये, मग बघते तुला."

"यासाठीच नाव लिहू नका म्हटलं," बाई म्हणाल्या, आणि पुढचा फॉर्म घेतला. "मागच्या तीन बाकांना हात दिसत नाहीत. मध्ये खांब आहे. मॅडमच्या वेळीही दिसत नव्हतं. दोन वर्षं आम्ही नुसतं ऐकायचो. त्यांना वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

मी खाली उतरलो. गोदामासमोर थांबवलेल्या ट्रकांची रांग लागली होती. मी त्या रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, पुन्हा गेलो. मला राग आला होता, पण कुणाचा ते ठरेना. ती घरी येऊन गप्प बसायची. तिला कुणीतरी खांबाबद्दल सांगायला हवं होतं. तिने बाकं फिरवून घेतली असती, आणि त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली असती.

वर आलो तेव्हा तपासणी संपली होती. त्या गृहस्थांनी माझी सही घेतली. जाताना बाई जिन्यात थांबल्या.

"मान्यता मिळाली तरी ती पत्राच्या तारखेपासून असते. आधीचे तास कधीच धरले जात नाहीत, फॉर्म खरे असते तरी. तुम्हाला हे माहीत होतं ना?"

"वाचलं होतं," मी म्हणालो.

डिसेंबरच्या बैठकीत निर्णय व्हायचा होता. तो झाला नाही. खोट्या तारखांमुळे प्रकरण खुलाशासाठी पुढच्या बैठकीवर गेलं. मी खुलासा पाठवला, सगळं जसं झालं तसं, एका पानात. तोवर वर्ष संपलं. आपांची नोंदणी गेली. नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी त्यांना काढलं नाही, पण सुई हातात घ्यायची नाही असं सांगितलं. त्या काउंटरवर बसून केसपेपर लिहू लागल्या.

मी त्यांना भेटायला गेलो. त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, पंजाबी ड्रेस होता. समोर पाचसहा पेशंट बसलेले. मी उभाच राहिलो.

"बसा. की डॉक्टरना दाखवायचंय?"

"आपा, माझ्यामुळे झालं."

"हो," त्या म्हणाल्या. त्यांनी एकाचं वय विचारून लिहून घेतलं. मग वर न बघता म्हणाल्या, "एक सांगा. त्या तारखा तुम्ही माझ्यासाठी घातल्यात की तिच्यासाठी?"

"तिच्यासाठी."

"वाटलंच मला." त्यांनी पुढचा केसपेपर ओढला. "माझ्यासाठी असत्या तर भांडले असते. आता काय भांडू? चहा घेणार?"

मी चहा घेतला. पहिल्यांदाच मला उठून जावंसं वाटलं नाही, आणि पेशंट वाढत होते म्हणून उठावं लागलं.

फेब्रुवारीत परिषदेचं पत्र आलं. मान्यता एका वर्षासाठी, तात्पुरती. सत्रांची अचानक पाहणी होईल. नोंदी नोंदणीकृत परिचारिकेनेच ठेवायच्या, दुसऱ्या कुणी नाही. ते वाक्य माझ्यासाठी होतं आणि ते बरोबर होतं. पहिलं मान्य सत्र घ्यायला ठाण्याहून एक शिक्षिका आल्या. आपा विद्यार्थिनी म्हणून बसल्या. दर पाच मिनिटांनी हात वर करून त्या म्हणत, "दिसत नाही," आणि शिक्षिका वैतागून उशी उचलून दाखवत. वर्ग संपल्यावर आपांनी, मी आणि दादाने मिळून बाकं आडवी फिरवली. खांब आता मध्ये येत नाही, एका बाजूला राहतो.

चार रविवारांत आपांचे तास भरले. विलंबाचं शुल्क भरून त्यांनी नोंदणी नवी केली. एप्रिलपासून त्या पुन्हा वॉर्डात आहेत.

वर्ग महिन्यातून दोन रविवारी भरतो. येण्या-जाण्याची वेळ अंबाडीची मुलगी लिहिते. माझ्या बायकोने शिकवलेले तास कुठल्याही नोंदीत नाहीत. मी वर्गाच्या आधी जाऊन बाकं पुसतो आणि वर्ग सुरू झाला की खाली येऊन बसतो.